श्वानरोगांची नावे आणि त्यांचे निवारण : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशाच्या संदर्भात

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. शासनाने नकाशावर रेघ ओढली, तरी अरण्य एकच राहिले, आणि त्या अरण्याच्या कडेने वसलेल्या गावांतील कुत्र्यांचे जिणेही एकाच प्रकारचे राहिले. धानाच्या बांध्यांत रानडुकरांवर भुंकावयाचे, शेळ्यांच्या मागे रानात जावयाचे, मोहफुले वेचणाऱ्या बायकांच्या पुढे चालावयाचे, आणि रात्री अंगणात पडून राहावयाचे, ही त्याची कामे होत. नगरातील पाळीव कुत्र्याप्रमाणे त्याचा कोणी एक मालक असतोच असे नाही. तो थोडा घराचा आणि थोडा गावाचा असतो. निरोगी असेतोवर ही व्यवस्था सुरळीत चालते. तो आजारी पडला म्हणजे मात्र त्याला दवाखान्यात कोणी न्यावयाचे, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याहूनही आधीचा प्रश्न असा की, त्याला काय झाले आहे हे कोणत्या शब्दांत सांगावयाचे?

हा दुसरा प्रश्न भाषेचा आहे. रोगाला नाव मिळाल्याखेरीज उपचाराचा विचार सुरू होत नाही, आणि नाव चुकीचे मिळाल्यास उपचारही चुकीच्या वाटेने जातो. या दोन जिल्ह्यांत तर हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा आहे. येथे प्रमाण मराठी आणि झाडीबोली आहेत. गोंडी आणि माडिया आहेत. सिरोंच्याकडे तेलुगू आहे. मुलचेरा-चामोर्शी भागात निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबांची बंगाली आहे. एकाच प्राण्याला गोंड 'नय' म्हणतो व तमिळ 'नाय्'शी असलेले आपल्या भाषेचे नाते प्रकट करतो. तेलुगू भाषक त्यालाच 'कुक्क' म्हणतो, तर बंगाली 'कुकुर'. जुन्या मराठीतील 'सुणे' हा शब्द आज व्यवहारातून गेला असला, तरी रानकुत्र्याच्या 'कोळसुणे', 'कोळसुंदा' या नावांत तो अद्याप जिवंत आहे. प्राण्याच्या नावांत ही विविधता असावी यात नवल नाही. रोगांच्या नावांतील विविधता मात्र जिवाशी खेळते.

आरंभ 'पिसाळणे' या क्रियापदापासून करणे योग्य होईल. मराठीत 'पिसा' म्हणजे वेडा आणि 'पिसे' म्हणजे वेड. या शब्दकुलाचे मूळ व्युत्पत्तिकार 'पिशाच' या संस्कृत शब्दात पाहतात, आणि 'पिशाच'चे 'पिसल्ल' हे प्राकृत रूप हेमचंद्राने बाराव्या शतकात नोंदवून ठेवले आहे. म्हणजे पिसाळलेले कुत्रे हे मुळात पिशाचाने झपाटलेले कुत्रे होय. तेलुगूतील 'पिच्चि कुक्क' किंवा बंगालीतील 'पागला कुकुर' यांतही वेडाचीच कल्पना आहे. या सर्व शब्दांनी डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते : लाळ गाळीत, दिसेल त्याला चावत, सैरावैरा धावणारे कुत्रे.

वैद्यकदृष्ट्या हे चित्र अर्धेच आहे. रेबीज या विषाणुजन्य रोगाची दोन रूपे आढळतात. एक उग्र, आणि दुसरे मूक. उग्र रूपाचे वर्णन 'पिसाळणे' या शब्दात पुरेपूर उतरले आहे. मूक रूपात मात्र कुत्रे कोणावर धावून जात नाही. ते कोपऱ्यात, खाटेखाली, लाकडांच्या ढिगामागे अंधारात जाऊन बसते. त्याचा खालचा जबडा लुळा पडतो, गिळणे बंद होते, तोंडातून लाळ ठिबकू लागते, आवाज बदलतो, मागचे पाय लटपटू लागतात, आणि काही दिवसांत ते मरते. अशा कुत्र्याला 'पिसाळलेले' म्हणण्यास कोणाचीही जीभ वळत नाही, कारण पिसाळण्याचे एकही लक्षण त्यात दिसत नाही. मग घरातील मनुष्य अनुमान करतो की, घशात हाड अडकले असावे; आणि दयाबुद्धीने त्याच्या तोंडात हात घालतो. हातावर एखादा ओरखडा असल्यास लाळेतील विषाणूला तेवढा मार्ग पुरे होतो. येथे शब्दाच्या अर्थाची मर्यादा हीच रोगाच्या प्रसाराची वाट ठरते. म्हणून जबडा लोंबणाऱ्या, गिळू न शकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. त्याला दाराआड कोंडून पशुवैद्यास बोलवावे, हा पहिला नियम.

दुसरा घोटाळा 'जलत्रास' या शब्दाने केला आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात अलर्कविषाचे, म्हणजे पिसाळलेल्या श्वापदाच्या दंशाचे, जे विवेचन आहे त्यात दंश झालेल्या मनुष्यास पाण्याचे भय वाटू लागते, हे लक्षण नोंदलेले असून ते असाध्यतेचे चिन्ह मानले आहे. हे निरीक्षण अचूक आहे. बंगालीत तर रोगाचे नावच 'जलातंक' असे पडले. परंतु हे लक्षण मनुष्याचे आहे, कुत्र्याचे नव्हे. रेबीज झालेल्या कुत्र्याला पाण्याचे भय वाटत नाही. ते पाण्यात तोंड घालते, नाला पोहून ओलांडते. फार तर घसा लुळा पडल्यामुळे त्याला पाणी गिळता येत नाही. असे असता चावलेल्या कुत्र्यापुढे पाण्याची वाटी ठेवून, ते प्याले म्हणजे 'चांगले आहे' असा निर्वाळा देण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. मनुष्याच्या लक्षणावरून पडलेले नाव प्राण्याच्या परीक्षेला लावले म्हणजे काय अनर्थ होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

तिसरा शब्दप्रयोग आहे 'पोटातली चौदा इंजेक्शने'. डेव्हिड सेंपल याने कसौली येथे विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली लस भारतात दीर्घकाळ वापरात होती, आणि ती पोटाच्या कातडीत ओळीने अनेक दिवस टोचावी लागे. त्या लशीचे उत्पादन भारतात २००४ साली थांबविण्यात आले. आजची लस दंडात दिली जाते. स्नायूत दिल्यास पहिल्या मात्रेचा दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी, आणि कातडीत दिल्यास त्याहून एका खेपेने कमी. पण वाक्प्रचार वस्तूपेक्षा दीर्घायुषी असतो. चौदा सुयांची भीती अजून बोलण्यात आहे, आणि त्या भीतीने मुले चावल्याचे लपवितात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर मनुष्य जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणे दिसण्यापूर्वी मात्र उपचार पूर्ण केल्यास तो जवळजवळ नेहमीच वाचतो. या दोन वाक्यांमधील काळ साधारणतः एक ते तीन महिन्यांचा असतो, आणि लपविलेली गोष्ट त्या काळाचा घास घेते.

दंश झाल्यावर काय करावे, हे थोडक्यात असे : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे हा काळ घड्याळात पाहिल्याखेरीज किती मोठा आहे ते कळत नाही. जखमेवर चुना, तिखट, हळद, तेल यांपैकी काहीही भरू नये. त्याच दिवशी आरोग्यकेंद्रात जाऊन लस सुरू करावी. रक्त निघालेल्या जखमेसाठी लशीबरोबर प्रतिद्रव्याचे इंजेक्शन जखमेभोवती द्यावे लागते, आणि ते प्राथमिक केंद्रात नसल्यास ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवण्याचा नियम खरा आहे, परंतु तो लस थांबवून ठेवण्यासाठी नव्हे. दहा दिवसांनी कुत्रे धडधाकट असल्यास वैद्याच्या सल्ल्याने पुढच्या मात्रा सोडता येतात, एवढाच त्याचा अर्थ. चावलेले कुत्रे ताबडतोब ठार मारल्यास हे निरीक्षणच अशक्य होते. आणि मालकाचे कर्तव्य म्हणाल तर ते चावण्याच्या पुष्कळ आधीचे आहे : पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, सुमारे महिन्याने पुन्हा एकदा, आणि पुढे प्रतिवर्षी. गावातील सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचली गेल्यास रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. एकट्यादुकट्या घराने हे साधत नाही. ग्रामपंचायतीने दिवस ठरवून करावयाचे हे काम आहे.

पिसाळणे या रोगाला निदान नाव तरी आहे. आता एक निनावी रोग पाहू. ज्याला इंग्रजी वैद्यक डिस्टेंपर म्हणते त्याला मराठीत रूढ नाव नाही. हा विषाणू गोवराच्या आणि गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूंचा सख्खा भाऊबंद होय. गोवर घरोघरी ठाऊक आहे. बुळकांडीने गुरांची दावणच्या दावण रिकामी होई, म्हणून तिलाही नाव मिळाले. २०११ साली ती जगातून नष्ट झाल्याचे जाहीर होऊनही नाव अजून विसरले गेलेले नाही. तिसऱ्या भावंडाला मात्र कोणी बारसे केले नाही. कारण उघड आहे. तो रोग मनुष्याला होत नाही आणि त्याने दूध वा शेतीचे बैल जात नाहीत. भाषा ज्याची झळ माणसाला लागते त्यालाच नाव देते, असे येथे म्हणता येईल.

नावाअभावी या रोगाची लक्षणे सुटी सुटी पाहिली जातात. आरंभी डोळ्यांतून आणि नाकातून पू वाहतो, तेव्हा 'सर्दी झाली' म्हणतात. मग खोकला व हगवण येते, तेव्हा 'बाधले' म्हणतात. दोन-तीन आठवड्यांनी मान किंवा पाय एका लयीत उडू लागतो, झटके येतात, कुत्रे वर्तुळात फिरते, तेव्हा 'पिसाळले' म्हणून काठ्या उचलतात. हा एकच रोग असून त्याच्या या तीन अवस्था आहेत, हे सांगणारा शब्दच जवळ नसतो. विषाणूवर थेट औषध नाही. शुश्रूषा करावी, पाणी व पातळ अन्न द्यावे, झटक्यांसाठी पशुवैद्याचे औषध घ्यावे, आणि आजारी कुत्र्याला इतरांपासून दूर ठेवावे, एवढेच हाती उरते. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे असता पहिली लस देऊन, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ते सोळा आठवड्यांचे होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा दिल्यास हा रोग टळतो.

या प्रदेशात या रोगाची चिंता कुत्र्यापुरती मर्यादित नाही. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश या विषाणूच्या साथीत मेले. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या अरण्यात वीसहून अधिक सिंह दगावले, आणि त्यांपैकी काहींत हाच विषाणू आढळला. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचे. आज ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या भोवतीच्या गावांत कुत्री आहेत, त्या कुत्र्यांना बिबटे उचलतात, आणि रानकुत्र्यांचे कळप त्याच पाणवठ्यांवर येतात. अंगणातल्या पिल्लाची सर्दी आणि जंगलातला वाघ यांच्यामधील अंतर वाटते तेवढे नाही. रात्री कुत्रे उघड्यावर साखळीने बांधून ठेवणे म्हणूनच दुहेरी अपायकारक होय : ते स्वतः जाते, आणि बिबट्याला घरापर्यंतची वाट दाखवून जाते.

त्वचारोगांकडे वळले असता उलट प्रकार दिसतो. येथे एका रोगाला नाव नाही असे नसून एका नावाखाली दोन रोग दडले आहेत. अंगावरचे केस गेलेल्या कोणत्याही कुत्र्याला 'लूत लागली' असे म्हणतात. संस्कृतात 'लूता' म्हणजे कोळी. आणि कोळ्याच्या विषाने उठणारा एक त्वचाविकार असाही त्या शब्दाचा दुसरा अर्थ कोशांत सापडतो. आधुनिक प्राणिशास्त्राप्रमाणे लूत ज्या सूक्ष्म किड्यांमुळे होते ते खरोखरच कोळ्याच्या वर्गातील, आठ पायांचे जीव होत. प्राचीनांना हे ठाऊक होते असे मात्र कोणी समजू नये. सूक्ष्मदर्शकाखेरीज ते कळणे शक्य नव्हते, आणि योगायोगाला ज्ञानाचा मान देण्याची हौस भाषाभ्यासकाला शोभत नाही.

दोन रोगांतील भेद असा. खरजेचा किडा कातडीत बिळे करतो. कानांच्या कडा, कोपरे आणि पोट येथे आरंभ होतो, खाज अनिवार असते, आणि कुत्र्याशी निकट राहणाऱ्या माणसालाही काही दिवस पुरळ उठते. दुसरा किडा केसांच्या मुळांत राहतो. तो पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडूनच मिळतो, बहुतेक कुत्र्यांत निरुपद्रवी असतो, आणि अशक्तपणा आला म्हणजेच डोळ्यांभोवती, तोंडाशी व पुढच्या पायांवर टक्कल पाडतो. त्याला खाज बहुधा नसते आणि तो माणसाला लागत नाही. पहिल्यात घरातील सर्व कुत्र्यांवर उपचार करावा लागतो, दुसऱ्यात त्या एकट्यावर. कातडीचा खरवडा काचपट्टीवर घेऊन पशुवैद्य पाच मिनिटांत भेद सांगू शकतो. पण दवाखान्याऐवजी बहुधा मोटारदुरुस्तीच्या दुकानातील जळके तेल आणून कुत्र्याच्या अंगावर ओततात. ते तेल कातडी भाजते, कुत्रे ते चाटते, आणि यकृत-मूत्रपिंडे बिघडतात. लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घातल्यास कुत्र्याला आराम वाटतो, परंतु कातडीच्या आतला किडा त्याने मरत नाही. आता तोंडाने देण्याच्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या दोन्ही किड्यांवर व गोचिडांवरही चालतात. त्या महाग आहेत हे खरे, पण वजनाप्रमाणे मात्रा ठरविल्याखेरीज त्या देऊ नयेत. गुरांचे औषध अंदाजाने कुत्र्याला पाजणे तर प्राणघातक ठरू शकते.

'गोचीड' म्हटले की गायबैल डोळ्यांपुढे येतात. कुत्र्याची गोचीड वेगळी. तपकिरी रंगाची, आणि तिची विशेष गोष्ट ही की ती घरातच वाढते. अळी, पिल्लू आणि प्रौढ अशा प्रत्येक अवस्थेत ती रक्त पिऊन कुत्र्यावरून उतरते, कुडाच्या वा मातीच्या भिंतीच्या फटीत शिरते, आणि मादी तेथे हजारांनी अंडी घालते. म्हणून कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी कितीही वेचल्या तरी आठवड्याने त्या जशाच्या तशा असतात. भिंतींच्या फटी लिंपणे, बसण्याचे गोणपाट उन्हात घालणे किंवा जाळणे हा निम्मा उपचार आहे. गोचीड काढावयाची ती चिमट्याने, कातडीलगत धरून, सरळ ओढून. बोटांनी चिरडू नये, काडी पेटवून लावू नये.

गोचिडीने रक्त पिण्याने होणारी हानी थोडी. तिच्या लाळेबरोबर जे जंतू जातात त्यांची हानी मोठी. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याची शेकडो कुत्री अशाच एका जंतूने, एर्लिकियाने, मेली होती. त्यात ताप येतो, कुत्रे खाणे सोडते, हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि कधी नाकातून रक्त येते. नाकातले रक्त 'उष्णता झाली' या नावाखाली जमा होते आणि कांदा-ताक देण्यात आठवडा जातो. कांदा कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो, म्हणजे आधीच रक्त कमी झालेल्या जनावराचे राहिलेले रक्तही आपणच घालवितो. दुसरा गोचीडजन्य रोग, बबेसिया, लघवी गडद तांबडी करतो. दोन्ही रोगांवर औषध आहे, आणि वेळेवर दिल्यास कुत्रे बरे होते. लघवीचा रंग सांगणारा मालक येथे निदानाचे निम्मे काम करतो.

'जंत' हाही असाच सर्वसंग्राहक शब्द. पिल्लांना गोल जंत जन्मापूर्वीच आईकडून मिळतात. म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याने तीन महिन्यांपर्यंत जंताचे औषध द्यावे. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात, आणि पिल्लाच्या हिरड्या चुन्यासारख्या होतात. शेपटीखाली काकडीच्या बियांसारखे चपटे तुकडे दिसल्यास ते पिसवांमधून आलेल्या पट्टकृमीचे होत. पिसवा तशाच ठेवून औषध दिल्यास महिन्याभरात पुन्हा तेच. शेळी-मेंढी कापल्यावर तिचे कच्चे काळीज आणि फुप्फुस कुत्र्याला टाकण्याची सार्वत्रिक सवय आहे. त्यातून एक वेगळाच पट्टकृमी कुत्र्यात येतो, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात पाण्याच्या गाठी होतात. ते अवयव शिजवून द्यावे किंवा पुरावे.

पिल्लाला रक्ताची, अत्यंत दुर्गंधीयुक्त हगवण आणि ओकाऱ्या एकदम सुरू झाल्यास ते जंत नव्हेत आणि बाधणेही नव्हे. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्वो हा विषाणू बहुधा त्याच्या मुळाशी असतो. 'हगवण आहे, पाणी देऊ नका' हा सल्ला येथे मृत्यूचा सल्ला ठरतो, कारण पिल्लू मरते ते शरीरातले पाणी गेल्यामुळेच. शिरेतून सलाईन त्याच दिवशी मिळाले तर आशा असते. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. मेलेल्या पिल्लाच्या जागी लगेच दुसरे लस न टोचलेले पिल्लू आणू नये. फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी; साध्या फिनेलचा त्यावर भरवसा नाही.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा आणखी एक प्रकार घडतो. कुत्र्याच्या अंगाची स्वाभाविक उष्णता माणसाहून अधिक, सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते; त्यामुळे हात लावून किंवा नाक कोरडे आहे का हे पाहून ताप ठरविता येत नाही. परंतु धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक होतात, पाय डगमगतात, अशा वेळी तो उष्माघात समजावा, सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा. बर्फ लावू नये. ताप समजून घरातील पॅरासिटामॉलची किंवा दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नये. माणसाच्या या गोळ्या कुत्र्याच्या यकृताला, जठराला व मूत्रपिंडांना अपाय करतात.

राहता राहिला दवाखान्यातील संवाद. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत एटापल्ली-भामरागडच्या आतल्या गावांतून पोहोचण्यास दिवस मोडतो, आणि पुष्कळदा कुत्रे न नेता मनुष्यच निरोप घेऊन जातो. अशा वेळी 'लूत', 'उष्णता', 'बाधले' ही नावे न सांगता जे डोळ्यांना दिसले तेवढेच सांगावे, मग ते गोंडीत असो वा झाडीबोलीत : किती दिवस खाल्ले नाही, शेवटचे पाणी केव्हा प्याले, लघवीचा रंग कोणता, हिरड्या तांबड्या की पांढऱ्या, जबडा मिटतो की नाही, कोणाला चावले आहे काय, आणि शेवटची लस केव्हा टोचली. अंगावरची एक गोचीड झाकणाच्या बाटलीत, आणि त्या दिवसाच्या विष्ठेचा बोराएवढा नमुना दुसऱ्या बाटलीत, एवढे बरोबर नेल्यास पशुवैद्याला पुढचे बरेचसे कळते.